अमेरिकन कपांचं वाण

स्कारबरो, २४ जानेवारी २०२५

चि. सौ. देवयानी हिस अनेक आशीर्वाद.

फोन तू कट करतेस, म्हणून पत्र. तुझ्या शेजारच्या कस्तुरीनं परवा सहज सांगितलं, की देवयानीकाकूंनी यंदा संक्रांतीला जुने अमेरिकन कप लुटले. अगं, तिकडचं घर सोडून इकडे कॉन्डोत आले, इथे जागा नाही म्हणून ते बारा कप तुझ्या बेसमेंटमध्ये ठेवायला दिले होते, लुटायला नव्हे!

तुझ्या भाऊजींनी वीस वर्षं ते एकेक करून जमवले. उन्हाळ्यात बॉर्डरपलीकडे अमेरिकेत गराज सेल हुडकायचे, कप उपडा करून बुडाचा शिक्का वाचायचा, १९५०च्या आसपासचा निघाला की स्वारी खूश. हिरव्यातून तर ते शेवटपर्यंत चहा प्यायले. ते जाऊन तीन वर्षं झाली. माझ्याकडे त्यांचं दुसरं उरलंय काय? मला सगळे कप परत हवेत.

तुझी संतापलेली,
मंदाकिनीवहिनी

सरे, ३ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

केवढं ते टाकून बोलणं! कपांवर केसाएवढे तडे होते, आणि तडा गेलेलं भांडं घरात ठेवू नये हे मला लग्नानंतर तुम्हीच शिकवलंत. बेसमेंट रिकामं करायचं होतं. नंदन म्हणाले, वहिनी विसरल्याही असतील. आता दिलेलं वाण परत मागतात का कुणी? बायका तोंडात शेण घालतील माझ्या.

बाकी, आम्ही मार्चअखेर दोन महिने पुण्याला जातोय. झाडांना पाणी घालायला इथे येऊन राहण्याचं तुम्ही कबूल केलंय, ते रागात विसरू नका. किल्ल्या कस्तुरीकडे ठेवते. धाकट्या जावेवरची माया पातळ होऊ देऊ नये.

आपली,
देवयानी

सरे, १४ एप्रिल २०२५

चि. सौ. देवयानी हिस आशीर्वाद.

तुझी झाडं टवटवीत आहेत. ते तडे नव्हते, बाई. जुन्या चिनीमातीच्या चकाकीला वयानं तशा रेघा पडतातच. आणि तडा तुझ्या घरात नको, पण बायकांच्या घरात चालतो होय गं?

शनिवारी तुझ्या लिव्हिंग रूममध्ये चैत्रगौर मांडली. आंब्याची डाळ, पन्हं, सगळं साग्रसंगीत. हळदीकुंकू कस्तुरीनं लावलं, वाण मात्र माझ्या हातचं. निरोपच तसा धाडला होता: संक्रांतीचा कप आणा, बदली वाण न्या. कुणी तोंडात शेण घातलं नाही. चांदीची वाटी बघितल्यावर कोण घालतंय! हो, त्याच. तुझ्या माहेरच्या, तुझं नाव कोरलेल्या. एकेक वाटी देताना मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! रात्री गाढ झोपले.

अकरा कप आले. हिरवा गौरांगीकडे गेला होता. तिच्या डिशवॉशरमध्ये तो फुटला आणि तिनं तुकडे कचऱ्यात टाकले. पाहुण्या गेल्यावर मी तुझ्या वॉशरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. बारावी वाटी कपाटात परत ठेवली आहे. हिरव्याची भरपाई वाटीनं होत नाही. ती कशानं होईल, ते बघत रोज तुझ्या घरभर हिंडते. तुला यायला अजून सहा आठवडे आहेत.

नंदनला आशीर्वाद. तुझ्यावर लोभ किती ठेवायचा, ते माझं मी ठरवीन.

मंदाकिनीवहिनी