सुगरणीच्या लेखावरचा शेरा

१४ जुलै २००९, मंगळवार

काढून टाकलं! "माय पिलांसाठी काडी काडी विणते" — माझं पहिलंच वाक्य, त्यावर लाल रेघ. शेजारी शेरा: "नमस्कार सर. सुगरण पक्ष्यात घरटं नर विणतो, मादी नाही. कवितेची भाषा नको. माहितीला संदर्भ द्या. — मंजुषा."

इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात नव्या स्वयंसेवकांचे विज्ञानलेख ही बाई तपासते म्हणे. मुलानं, विश्वंभरनं, पुण्याहून त्याचा जुना कॉम्प्युटर आणून बसवला, तेव्हाच म्हणाला होता, "तिथं लिहा बाबा, वेळ जाईल."

बाळापूरच्या लेकरांना जन्मभर सुगरण म्हणजे माय, असंच शिकवलं. चालीवर गाऊन शिकवलं! वह्यांवर शेरे मारणारा मी — आता मलाच शेरा.

१५ जुलै

जेवण गेलं नाही. मुलाला फोन केला. "बाबा, मीटिंगमध्ये आहे." बरं.

१९ जुलै, रविवार

सटवाजीच्या शेतात, विहिरीवर गेलो. बाभळी पाण्यावर वाकलेल्या, फांद्यांना घरटी लोंबताहेत. सटवाजी मोटार चालू करायला आला.

"काय बघून राहिले गुरुजी? हिरीत पडताल!"

"घरटं कोण बांधतं रे, नर का मादी?"

"मला काय ठावं! वर बघायला सवड कोनाला हाय? तुमचं बरं हाय, पेन्शन चालू."

बसून राहिलो. पिवळ्या डोक्याचा तो, चोचीत गवताचं पातं — नरच! अर्धं घरटं झालं की पंख फडफडवून बोलावतो. मातकट रंगाची मादी येते, आत डोकावते, उडून जाते. तो पुन्हा विणायला लागतो.

बायको आठवली, नर्मदा. हे घर बांधलं तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली होती, "खिडकी काहून इकडं? धूर सारा माझ्या डोळ्यात!" भिंत फोडून खिडकी हलवली, तेव्हा कुठं हसली. आता त्या खिडकीपाशी मी एकट्यापुरती खिचडी टाकतो.

२२ जुलै

लेख नव्यानं लिहिला. साधा. पक्ष्यांच्या पुस्तकाचा संदर्भ दिला. शेरा आला: "छान सर! हेच हवं होतं."

चहा गार होईस्तोवर तेवढंच वाचत बसलो. घरात कोणी बोलल्यासारखं वाटलं.

९ ऑगस्ट

पळस, मुंगूस, गांडूळ. लेख होताहेत, शेरे आखडत चाललेत. आधी "छान." मग "ठीक." गांडुळाला तर नुसती बरोबरची खूण! चूकच नाही तर बाई बोलणार कशाला?

संध्याकाळी ओसरीवर जुन्या कविता मोठ्यानं म्हटल्या. समोरच्या कट्ट्यावरचं कुत्रं उठून गेलं.

१२ ऑगस्ट

काजव्यांच्या लेखात मुद्दाम लिहिलं — "चांदण्या बांधावर उतरतात." लाइट जायच्या आत उत्तर! "सर, चांदण्या काढा पाहू!"

हसलो. एकटाच, मोठ्यानं.

२१ ऑगस्ट

पुन्हा सारं शांत. नुसत्या खुणा. सकाळपासून किती वेळा उघडून पाहिलं!

शेवटी वटवाघळाच्या लेखात लिहिलं — ते अंडी घालतं. खडू धरलेला हात हा! तरी पाठवलं. बेडकाच्या, सरड्याच्या लेखातही एकेक तसलंच घातलं.

उत्तरं आली. कोरडी — "वटवाघूळ पिलं देतं, सर. दुरुस्त केलं." पण आली!

२६ ऑगस्ट

मंजुषाबाईंचा मोठा शेरा. "सर, इतक्या साध्या चुका, त्याही लागोपाठ? शाळेतली मुलं इथून उतरवून घेतात. तूर्त तुमचं लेखन थांबवावं लागतंय. वाईट वाटतं." आणि खाली, वेगळी ओळ — "तब्येत बरी आहे ना? घरी सोबतीला कोण असतं?"

उत्तर लिहायचा चौकोनही बंद झालाय. दाबून दाबून पाहिलं.

कोणी नसतं, मंजुषाबाई.