सुटलेलं एक घर

कॅम्प-१, भिलाई
२२ जानेवारी १९८१

ती. आईले विजयाचा नमस्कार,

आमी सारे बरे आहोत. यांची या हप्त्यात जनरल शिफ्ट आहे, त्यामुळं जेवण वेळेवर होते. तुझे गुडघे कसे आहेत? तू उन्हाळ्यात येशील म्हणून नंदा आतापासून दिवस मोजून राहिली.

परवा संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. घरोघरी बोलवणं सांगाले नंदाले पाठवलं. आता आठ वर्षांची झाली, म्हटलं नीट सांगेल. बाया आल्या, वाणात स्टीलच्या वाट्या दिल्या. शेजारची मथुरा मात्र आली नाही.

मी पाहाले गेली तर ती नवी साडी नेसून ओट्यावर बसली होती. छत्तीसगढी असली तरी आपला रिवाज तिले ठाऊक आहे, बोलवल्याशिवाय येत नाही. मी चल म्हटलं, तर डोकं दुखते म्हणाली.

घरी येऊन नंदाले विचारलं, तिचं घर कावून सोडलं? तर म्हणते, "ते लोक घाण असतात ना? त्यांच्या घरचं खाऊ नको, असं तूच तर म्हणतेस."

मी लई समजावलं. म्हटलं, मी चुकीचं बोलली बेटा, तिचं आंगण तर रोज आपल्याआधी झाडलेलं असते. मंग तिनं विचारलं, "आई, तुले हे कोनं शिकवलं?"

आई, मी तुझं नाव सांगितलं नाही.

तुझी,
विजया