आठवी फीत

प्रिय दादा,

हे पत्र तीनदा सुरू केलं आणि तीनदा उठलो. एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा दाराची कडी, एकदा उगाच. परवा वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, तू आता गोदामावर पहारा करतोस आणि विमानाचं नाव काढलं की जेवणावरून उठतोस. बावीस वर्षांची नोकरी एका सहीवर गेली, त्याबद्दल घरात बोलायचं नाही. 

इथे विमानतळावर पुन्हा गर्दी झाली आहे. बॅगांची खडखड, रडणारी पोरं, रांगेवरून भांडणं. मला मात्र अजून साथीचं पहिलं वर्ष दिसतं. पंखाला पंख लावून उभी केलेली एकोणतीस विमानं आणि आपण मूठभर माणसं. टायर एका जागी चपटे होऊ नयेत म्हणून दर आठवड्याला ती ओढून थोडी पुढे न्यायची. सगळ्यांत जुन्याला तू आजोबा म्हणायचास. आजोबांना फिरवून आणा रे, गुडघे धरतील, असं मास्कमधून ओरडायचास. हसायचो आपण, तेही सहा फुटांवरून.

किडे घरं करतात म्हणून विमानाच्या अंगावरची ती आठ भोकं झाकायची. हवेच्या दाबावरून वेग आणि उंची सांगणारी, करंगळीही जाणार नाही एवढी. पहिल्याच दिवशी तू मला बजावलं होतंस, हे बुजलं की वैमानिक आंधळा. इतकी विमानं एकदम उभी राहिली की टोपणं संपली. मग आपण चिकटपट्टी लावली आणि तिला लाल फीत. काढणाऱ्याने फिती खुंटीवर टांगायच्या. तपासणाऱ्याने त्या मोजायच्या, शिडी लावून प्रत्येक भोक डोळ्यांनी बघायचं, मग सही. दोन पाळ्यांनी समोरासमोर यायचं नाही, हा साथीतला नवा नियम.

विमान पुन्हा उडायचं होतं त्या सकाळी काढणारा मी होतो, तपासणारा तू. आठव्या भोकाची फीत ओढली तर नुसती फीतच हातात आली. पट्टी उन्हाने वाळून पत्र्याला धरून बसली होती. अंगठ्याच्या नखाने एक कोपरा उचलला, तेवढ्यात भोंगा झाला. फवारणीवाला मागे लागला, बाहेर व्हा, पुढची पाळी फाटकात उभी आहे. त्या घाईत आठवी फीत मी सातांबरोबर टांगून दिली. बसमध्ये बसल्यावर आठवलं. फोन हातात होता, दादा. तुझा नंबर काढलाही होता. मग म्हटलं, कशाला, बोलणी खावी लागतील. दादा शिडी लावणारच, त्याच्या नजरेतून सुटतंय होय.

तुझ्या पाळीतले दोघे विलगीकरणात गेलेत आणि चार विमानं तुझ्या एकट्याच्या गळ्यात आहेत, हे मला माहीत नव्हतं. निघण्याआधी विमानाभोवती फेरी मारताना वैमानिकाला पट्टी दिसली. कुणाला ओरखडाही आला नाही. चौकशीत त्यांनी फोटो पुढे ठेवला. नखाने उचललेला कोपरा त्यात स्वच्छ दिसत होता. तू फोटोकडे पाहिलंस, मग माझ्या हाताकडे, आणि फोटो पालथा घातलास. म्हणालास, "सही माझी आहे. फिती मोजल्या, शिडी लावली नाही." का लावली नाही, यावर तू गप्प. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, नजरचुकीने राहिली असेल. मला ताकीद मिळाली. तुला घरी बसवलं. मी कामावर येत राहिलो.

ते कारण परवा वहिनीने बोलता बोलता सांगितलं. बाकी तिन्ही विमानांना तू शिडी लावली होतीस. एकालाच लावली नाहीस, कारण ते माझ्या हातचं होतं.

मग काल जेवलो नाही, आज सकाळी ऑफिसात लेखी दिलं. पट्टी राहिल्याचं मला बसमध्येच आठवलं होतं आणि मी कळवलं नाही, एवढंच. तुला आधी विचारलं असतं तर तू करू दिलं नसतंस, म्हणून देऊन झाल्यावर लिहितोय. चौकशी पुन्हा उघडणार आहे. पुढच्या आठवड्यात ते तुला बोलावतील आणि फोटोत काय पाहिलंस ते विचारतील. तू म्हणशील, आठवत नाही. लहानपणापासून माझ्यासाठी तू हेच म्हणत आलास. या वेळी आठव.

तुझाच,
धाकटा