पेवाचं तोंड

अण्णा, आज टीव्हीवर पुन्हा तोच शब्द ऐकला, अणुबाँब, आणि मला एकदम तुमची पहार आठवली. तुमची नात बीडला माझ्याकडे आली आहे, पहिलं बाळंतपण, आठवा महिना. सोफ्यावर पाय लांब करून फोन बघत ती म्हणाली, "आई, सायरन वाजला तर तळघरात जा म्हणतायत. आपल्याकडं कुठंय तळघर?" मी म्हटलं, तुला होतं बाई. तू पोटात असतानाच आजोबांनी करून ठेवलं होतं. मग तिला सगळं सांगितलं आणि दोघी पोट धरून हसलो. ती तर अक्षरशः.

पोखरणला स्फोट झाले तो उन्हाळा. मी बाळंतपणाला नेकनूरजवळच्या आपल्या गावी आले होते. पारावर पेढे वाटले, ते तुम्ही हौसेनं खाल्लेत आणि एक माझ्यासाठी धोतराच्या सोग्यात बांधून आणलात. पंधरवड्यात शेजारच्या देशानंही फोडून दाखवले आणि तुमचा चेहरा उतरला. मास्तरांकडून पेपर आणून तुम्ही जपानमधल्या त्या दोन शहरांबद्दल वाचत बसलात. तिथं पोटातल्या लेकरांनाही भोगावं लागलं, या ओळीवर बोट ठेवून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. दुसऱ्या दिवशी सकाळीच पहार घेऊन अंगणातलं जुनं पेव उघडायला घेतलंत. जमिनीखालचं ते ज्वारीचं कोठार, आत रांजणासारखं ऐसपैस आणि वर तोंड अरुंद. पत्र्याच्या कोठ्या आल्यापासून त्यात कोणी उतरलंच नव्हतं.

मला अजून दिसतंय, तुम्ही दोरीला कंदील बांधून खाली सोडताय. आत हवा वाईट असेल तर दिवा विझतो, मग उतरायचं नाही. कंदील जळत राहतो, आणि तुम्ही "हाय, हाय, चांगली हाय हवा" म्हणत शिडी लावता. मग रोज सारवण, झाडलोट, पाण्याचा माठ. माझ्यासाठी आईची बाज सुटी करून तुकड्यातुकड्यानं खाली नेलीत आणि आतच पुन्हा विणलीत. बाजेपायी आई चिडलीच होती. तिनं वरून विचारलं, "किती दिस ऱ्हायचं खाली?"

"पंधरा-ईस."

"अन् मंग वर आल्यावर? आडाचं पानी पिऊ देतील का? पेरायचं कुठं?"

तुम्ही बाजेची दोरी आवळत राहिलात. मग म्हणालात, "आदी पोर तर वाचू दे."

सगळं तयार झाल्यावर तुम्ही मला म्हणालात, "उतरून बघ की." मी शिडीवर पाय ठेवला, गुडघे आत गेले, मांड्या गेल्या आणि पोट अडकलं. ना खाली, ना वर. आई म्हणाली, "बाँबवाल्याला निरोप धाडा, पोरगी बाळंत व्हईस्तोर दम धर म्हनावं." मला शिडीवरच हसू फुटलं. भिंतीपलीकडून थोरले काकाही खो खो हसले. बांधाच्या भांडणापासून ते तुमच्याशी बोलत नव्हते, माझ्या लग्नालाही आले नव्हते. तुम्ही मात्र मटकन खाली बसलात आणि लहान लेकरासारखे रडलात. "जिच्यासाटी केलं तीच मावंना."

आईनं मला बगलेत धरून वर ओढलं, तोवर काकांचं हसणं थांबलं होतं. पहार घेऊन ते भिंतीवरून आत आले. "सरक बे. तोंड मोठं करू."

"तुमच्या लोकायलाबी जागा ठिवतो," तुम्ही डोळे पुसत म्हणालात.

"ठिवशील न्हाईतर काय करशील? अर्धं आंगन माझं हाय."

दोघांनी मिळून तोंड फोडलं. आठवडाभरात तुमची नात जन्मली, दवाखान्यात, वरच्या उजेडात. ती कधी पेवात लपली नाही. एवढ्या मोठ्या तोंडाच्या पेवात पुन्हा धान्यही टिकलं नसतं. मग दर उन्हाळ्यात तिथं दोन्ही घरांची मिळून आंब्याची अढी लागायची, आणि तुम्ही दोघं भाऊ काठावर बसून कोणता पिकला यावर भांडायचात. भीती माणसाला कुंपणं घालायला लावते असं मी नंतर पुष्कळ पाहिलं. तुम्हाला तिनं भिंतीपलीकडच्यांसाठीही जागा करायला लावली, याचा मला फार अभिमान वाटतो. आईचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. वर आल्यावर काय, याचं उत्तर ते बाँब सांभाळून ठेवणाऱ्या एकाही सरकारनं दिलेलं नाही, आणि पहिल्या नातवंडाची वाट बघत असताना मला त्याचा सणसणीत राग येतो.

असो. तुम्ही गेलात त्या गावाला टपाल जात नाही, तेव्हा पत्राची घडी करून कपाटात ठेवते. लेकीला मी हसत म्हटलं खरं, की आता असलं येडेपण कोण करतंय! पण दुपारी ती झोपल्यावर मी तिच्या पोटाचा वितीनं हळूच अंदाज घेतला आणि जिन्याखालच्या खोलीचं दार मोजून आले. मावते, अण्णा.