खिडकीतली ताई

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्राचार्यबाईंनी आज पुन्हा छेडलं — "सर, तुमचा आयरिश कथेवरचा निबंध या वर्षी तरी वाचणार ना?" महिनाअखेरच्या शनिवारी चर्चासत्र आहे, समुद्रकाठच्या त्या शहरात. म्हटलं, "बघू." त्या म्हणाल्या, "तुमचं हे 'बघू' मी इथे रुजू झाल्यापासून बघतेय!" स्टाफरूममध्ये हशा पिकला. हसा लेको! खोल काम आहे ते, भाजी निवडणं नव्हे.

शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कथांत काही घडतच नाही, आणि हेच त्यांत घडतं. माणसं जखडलेली! नोकरीला, घराला, चहाच्या कपाला. निघतो निघतो म्हणतात आणि निघत नाहीत. वर्गात हे सांगितलं तर मागच्या बाकावरची ती चुणचुणीत मुलगी विचारते, "सर, मग ती दिवसभर करतात काय?" म्हटलं, खिडकीत उभी राहतात.

घरी आलो तर ताई खिडकीत उभी!

५ फेब्रुवारी, गुरुवार

कसं सुचलं नाही इतकी वर्षं? विषय माझ्याच घरात होता. काखेत कळसा!

आई-वडील गेल्यापासून हे घर ताईच्या जिवावर चाललंय. पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं मशीन, मागच्या खोलीत माझी पुस्तकं. आता तिची शाळेतली मैत्रीण (मी तिला रेडिओ म्हणतो, कारण बंद होत नाही) समुद्रकाठच्या शहरात शिवणाचं दुकान काढतेय आणि ताईला भागीदार म्हणून बोलावतेय. महिन्याच्या मध्यापर्यंत हो की नाही ते कळवायचंय. जेवताना ताई म्हणाली, "तुला काय वाटतं रे? जाऊ?"

या कथांचं मर्म असं, की महत्त्वाचं असेल ते बोलायचं नाही. गाळायचं. समोरच्यानं ओळखायचं. म्हणून मी पाण्याचा घोट घेतला आणि "बघू" म्हणालो. ताईनं ओळखलं असणार.

काय ओळखलं असणार? मलाच नीट ठाऊक नाही. तिनं जावं. आयुष्यभर लोकांच्या बाह्या बसवल्या, आता स्वतःचं दुकान असावं. तिनं जाऊ नये. माझे शर्ट कोण — छे! फार क्षुद्र झालं. खोडायला हवं. राहू दे.

८ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी ताई पुन्हा खिडकीत. कितीतरी वेळ! केस कानांवर आलेले, ओठ मिटलेले, नजर समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर. मध्येच तिनं मान हलवली. नाही, अशी. मग पुन्हा. कुणाला म्हणत होती नाही? स्वतःलाच! मी दाराआडून टिपून घेतलं.

निबंधाचा आरंभ सापडला — "खिडकीच्या चौकटीत ती उभी आहे, की चौकटीनंच तिला धरून ठेवलं आहे?" वाचून माझेच डोळे भरून आले. बिचारी! तिला जाता येणार नाही. शास्त्रच आहे तसं.

रात्री दोन घास जास्त गेले.

९ फेब्रुवारी

ताई म्हणते, "काल दाराआड उकिडवा बसून काय करत होतास? पाय आखडेल."

११ फेब्रुवारी, बुधवार

आज वर्गात निवेदनाचं तंत्र घेतलं. बोलतो निवेदकच, पण ज्या पात्राविषयी बोलतो त्याचे शब्द, त्याची लकब नकळत त्याच्या वाक्यात उतरते. कोण बोलतंय ते सांगावं लागत नाही. तास छान रंगला. खडू तेवढा मेला ओला होता, आणि फळा पुसणाऱ्याच्या हाताला काय लकवा भरलाय देव जाणे —

अरे! हे मी काय लिहिलं? मी कधी 'मेला' म्हणतो? हे ताईचं वाक्य आहे, अगदी ठसक्यासकट!

तंत्र खरं आहे तर. फक्त, आमच्या दोघांत निवेदक कोण आणि पात्र कोण, हे एकदा तपासायला हवं.

ताईनं आज पुन्हा विचारलं. पुन्हा "बघू."

१४ फेब्रुवारी, शनिवार

घरी आलो तर ताई मशीनला जुनी चादर गुंडाळून दोरी आवळत होती.

"रेडिओला हो म्हटलंय," म्हणाली. तीही आता रेडिओच म्हणते. "पुढच्या रविवारी टेम्पो येईल."

मी खुर्चीवर बसलो. खुर्चीवर कापडं होती, टाचण्यांसकट. उठलो.

"पण तू तर खिडकीत उभी असायचीस!"

"मग? या घरात रेंज दुसरीकडे कुठे येते?" तिनं कानावरचे केस मागे सारून इअरफोनची तार दाखवली. "दुकानाचं भाडं ठरवत होतो. तू फोन घरात बाहेर काढतोस कधी, तुला कळायला?"

"पण तू काही बोलत नव्हतीस!"

"ती बोलायला लागली की मला हूं म्हणायला तरी फट असते का? भाडं फार वाटलं, मान हलवली."

"फोनवर?"

"सवय रे!"

संपलं. निबंधाचा पायाच खचला. जिला मी जखडलेली म्हणत होतो ती माझ्या डोळ्यांदेखत घासाघीस करत होती! वर ताई दोरीची गाठ मारत म्हणते, "दोनदा विचारलं तुला. एकदा तरी तोंड उघडायचंस."

म्हटलं, "काही गोष्टी न बोलण्यातच —"

"ते कथेत. मला इथे ऐकू आलं नाही."

१८ फेब्रुवारी

इस्त्रीची शिकवणी. आधी कॉलर, मग खांदा, मग बाह्या. "आणि इस्त्री हातात असताना विचार करायचा नाही," म्हणाली.

२२ फेब्रुवारी, रविवार

टेम्पो आला. मशीन चढवताना माझ्या अंगठ्यावर आलं. मी ओरडलो, ड्रायव्हर ओरडला, ताई दोघांवर ओरडली. त्या गडबडीत, मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं ते राहिलं. तोंडातून निघालं काय — "पोचलीस की कळव."

ती ड्रायव्हरशेजारी बसली. मांडीवर कात्रीचा डबा. म्हणाली, "फोन चालू ठेव." मागे वळून पाहील असं वाटलं. ती ड्रायव्हरला रस्ता सांगण्यात गुंतली होती. ड्रायव्हर रोज त्याच रस्त्यानं जातो.

२३ फेब्रुवारी, सोमवार

या कथांच्या शेवटी एखादी फडतूस वस्तू दिसते आणि माणसाला लख्ख काहीतरी उमगतं. क्षणभर उजेड! मी आज त्याची मुद्दाम वाट पाहिली. वस्तू म्हणून इस्त्री निवडली. टक लावून बसलो.

शर्ट जळला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी मी खिडकीत जाऊन उभा राहिलो. पद्धतशीर. हात गजांवर, नजर टाकीवर. पुढची खोली रिकामी, मशीनच्या चार पायांचे चार ठसे फरशीवर. छान करुण वाटायला लागलं होतं, तेवढ्यात खिशातला फोन कोकलला! ताई!

"सापडलास एकदाचा! तीन दिवस लावतेय. खिडकीत आहेस ना? हलू नकोस, तुटेल."

मग तिनं विचारलं, जेवतोस का, अंगठा कसा आहे, कोणता शर्ट जाळलास. (कसं कळतं हिला!) मागे रेडिओ चालूच होता.

मी म्हटलं, "ताई, घर खायला उठतं."

सरळ तोंडातूनच निघालं. गाळलं नाही, लपवलं नाही, प्रतीक नाही की काही नाही. पलीकडे रेडिओसुद्धा बंद झाला.

ताई म्हणाली, "हे तेव्हा बोलला असतास तर मी गेलेच असते, पण तुला ओढत घेऊन. आता ये. शनिवारी तुझं ते चर्चासत्र इथेच आहे ना? माळ्यावर खोली आहे."

"ब —" म्हणालो, आणि पुढचं अक्षर गिळलं.

२६ फेब्रुवारी

प्राचार्यबाईंना म्हटलं, नाव घाला. त्या पाणी पीत होत्या. ठसका लागला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

गाडीत लिहितोय, अक्षर हलतंय. निबंध टेबलावरच राहिला! सगळा! मधलं स्टेशन आलं, समोरच्या फलाटावर परतीची गाडी उभी होती. उतरलो असतो तर मिळाली असती.

आमची सुटली. मी जागचा हललो नाही.