माझा नोकरीतला जुळा भाऊ

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (चाकाच्या खुर्चीतून साष्टांग जमत नाही, तेव्हा बसल्या बसल्या केलेला गोड मानून घ्यावा.) तुमची पाठदुखी आणि तुमचा राग कसा आहे? पाठ बरी असावी, राग मात्र होता तसाच असावा अशी इच्छा आहे.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून लागलेली नोकरी छान चालली आहे. म्हणजे ती चालते, मी बसतो. अपंगांना रोजगार देण्याचं सरकारचं उद्दिष्ट आहे, त्यातला वाटा कंपनीच्या प्रत्येक शाखेने उचलायचा, आणि आमच्या शाखेचा वाटा म्हणजे मी. येणाऱ्याला चटकन दिसावं म्हणून मला दाराशीच ठेवलंय. खुर्चीसाठी उतारही बांधला. तो इतका देखणा झाला की त्यावर फुलांच्या कुंड्या मांडल्या, आणि मला शिपाईदादा मागच्या दाराने उचलून आणतात. काम मागितलं की मॅनेजर कळवळतात, "तुम्ही कशाला त्रास घेता?" एकदा चिडून मी सगळ्या पाकिटांवर मुद्दाम उलटेसुलटे पत्ते चिकटवले, तर त्यांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मामा, त्या टाळ्या मला फार लागल्या.

मागच्या आठवड्यात पाहणीला सरकारी साहेब आले. सकाळी त्यांनी माझी पाठ थोपटली. ते जेवायला बसले तोवर इकडे मला खुर्चीसकट टेम्पोत चढवलं, कारण दुपारी साहेब दुसऱ्या शाखेत जाणार होते आणि तिथे दाखवायला कुणीच नव्हतं (तिथले मॅनेजर आमच्या मॅनेजरांचे साडू). टेम्पोत माझा शर्ट बदलला, शिपाईदादांचा चष्मा माझ्या नाकावर चढवला. त्यातून काही दिसेना, म्हणून मी साहेब समजून फायलींच्या कपाटाला वाकून नमस्कार केला. खरे साहेब मागे उभे होते. "आपण सकाळी भेटलो का हो?" मी तोंड उघडायच्या आत साडू म्हणाले, "तो यांचा जुळा भाऊ, साहेब!" साहेबांचा ऊर भरून आला. एका घरात दोन नोकऱ्या! दोघा भावांचा एकाच व्यासपीठावर सत्कार करायचं त्यांनी तिथेच जाहीर करून टाकलं.

तेव्हापासून दोन्ही मॅनेजर माझ्यासाठी भाऊ शोधताहेत. शिपाईदादांना खुर्चीत बसवून पाहिलं (त्यांना तिथेच डुलकी लागली). मग दोघे घरी येऊन आईला विचारून गेले, की नक्की एकच झाला होता ना? आईने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा (एकच)

ता. क. मी राजीनामा दिला. मॅनेजर म्हणाले, "कोणत्या भावाचा?"

आणखी ता. क. तुमच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानातला कारागीर तुमच्या ओरडण्याला कंटाळून पळाला, असं मामींकडून कळलं. ती जागा मला द्या. आईचं मशीन मीच दुरुस्त करतो हे तुम्हाला माहीत आहे. त्यात चूक काढून तुम्ही मला अख्ख्या घरासमोर झापलं होतंत. मामा, मला खरं काम हवंय, आणि चुकलो तर अगदी तसंच झापा.

शेवटचं. तुम्ही दुपारी आडवे झाला होतात तेव्हा मामींनी सुताराकडून दुकानाच्या पायरीला उताराची फळी ठोकून घेतली आहे. ओरडायचं ते त्यांना नको, सोमवारी मी येतोय, मला ओरडा. फक्त त्या फळीवर कुंडी ठेवू नका.