आंब्याच्या वासाचं औषध

नानाखेडा, उज्जैन
१९ जानेवारी २०२५

चि. अनय,
अनेक आशीर्वाद. फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस, म्हणून लिहायला बसले. थंडी कडाक्याची आहे. शेजारच्या विनोदिनीताई लेकीकडे इंदूरला गेल्यात, दुपारभर बोलायला कुत्रं नाही. मटारच्या कचोऱ्या केल्या आणि दोन दिवस एकटीच खात बसले.

दिवाळीत तू तुझं ते खोकल्याचं औषध, आंब्याच्या वासाची ती ओढायची नळी, इथेच विसरलास. उशीखाली सापडलं. 'आई, वाफ आहे गं, वाफाऱ्यासारखी,' म्हणाला होतास. ओव्याचे वाफारे देऊन तुला वाढवलं मी, मला लगेच पटलं. कॉलनीभर सांगत सुटले, आमचा अनय तब्येतीला फार जपतो.

तू पुण्याला गेल्यावर तुझी भैरवगढच्या छापाची चादर धुतली आणि खोलीतला आंब्याचा वास गेला. मला करमेना. एका संध्याकाळी ते ओढून पाहिलं. चक्कर आली, पण वाटलं, तू आतल्या खोलीत आहेस. मग रोज दिवेलागणीला ओढायचे. हसू नकोस.

खोकला हटेना, जिना चढवेना, तेव्हा डॉक्टरांकडे गेले. पिशवीतून औषध काढून दाखवलं. "माताजी, ये भाप नहीं है, ई-सिगरेट है," ते म्हणाले. निकोटिन, ग्लिसरीन आणि वासाची रसायनं तापवून केलेलं ते धुकं. खाण्यात चालणारा वास तापून छातीत गेला की फुफ्फुसांना सूज आणतो, तापलेल्या तारेतले धातूचे कणसुद्धा आत जातात. "किसका है?" मी म्हटलं, मेरा ही है. या वयात भरपूर बोलणी खाल्ली.

माझा खोकला उतरतोय. तुझा?

आकाशकंदील लावताना तू स्टुलावर धापा टाकत होतास. मी पाहिलं आणि म्हटलं, फराळ जास्त झाला वाटतं. तेव्हाच विचारणार होते. पण तू चिडून लवकर निघून जाशील, म्हणून गप्प बसले. चार दिवस तू घरात हवा होतास मला.

आणि तू फोनवर नुसता 'हं' का करतोस, तेही आता कळलं. वाक्य पुरं होईपर्यंत तुझा दम पुरत नाही.

ये बाबा. रागावणार नाही. बसमधून उतरशील तसा, घामेजलेला ये; मला आंब्याचा नको, तुझाच वास हवा. इथल्याच डॉक्टरांना दाखवू. ते औषध खरं कोणाचं, ते मीच सांगेन.

तू पुरं वाक्य बोलेपर्यंत फोन कानाशी धरून बसणारी,
तुझी आई